घरच्या बायोडिझेलला इलेक्ट्रिक ट्रान्सफर पंप लावला, आठ महिन्यांचा अनुभव

आधी निकाल सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. पंप चांगला आहे, मोटर दणकट आहे, ड्रममधून गाडीच्या टाकीत बायोडिझेल भरायचं जे काम आधी घाम काढायचं ते आता दोन मिनिटांत होतं. पण हा पंप बनलाय डिझेलसाठी, आणि खोक्यातून काढून तसाच बायोडिझेलला लावला तर काही महिन्यांत गळायला लागतो. माझा तिसऱ्या महिन्यात लागला. सील बदललं, त्यानंतर पाच महिने पंपाखाली एक थेंब नाही. म्हणून घेताना मिनिटाला किती लिटर हे शेवटी विचारा, आतलं सील कशाचं आहे हे आधी विचारा.

आता सविस्तर. मी आणि दादा मिळून वापरलेल्या खाद्यतेलापासून बायोडिझेल करतो. मेथॅनॉल आणि कॉस्टिक पोटॅश घालून रिअ‍ॅक्शन, मग खाली बसलेलं ग्लिसरीन काढायचं, वरचं पाण्याने धुवायचं, वाळवायचं, आणि २०० लिटरच्या लोखंडी ड्रममध्ये साठवायचं. हे जमायला आम्हाला वेळ लागला पण जमलं. अडत होतं ते शेवटी, ड्रममधून गाडीत. आमच्याकडे हँडल फिरवायचा हातपंप होता, साधारण चार फेऱ्यांना एक लिटर, म्हणजे २० लिटरच्या एका कॅनला ऐंशी फेऱ्या, मग तो कॅन उचलून नरसाळ्याने टाकीत ओतायचा आणि प्रत्येक वेळी थोडं तरी सांडायचंच. सांडलेलं बायोडिझेल पुसलेल्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकायचा नाही हे ह्या निमित्ताने सांगून ठेवते, ते हवेशी लागून आतल्या आत गरम होतं आणि आपोआप पेट घेऊ शकतं. चिंध्या पसरून वाळवायच्या नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवायच्या.

तर पंप. १२ व्होल्टचा, व्हेन टाईप. आत एक रोटर असतो, त्याला खाचा असतात, प्रत्येक खाचेत एक पातळ पट्टी सैल बसवलेली, रोटर फिरायला लागला की पट्ट्या बाहेर फेकल्या जातात आणि भिंतीला घासत तेल पुढे ढकलत नेतात. माझ्यात पाच पट्ट्या आहेत. लेबलवर मिनिटाला ४० लिटर, करंट २० अँपिअर, सलग ३० मिनिटं चालवून मग थंड होऊ द्यायचा. अंगातच बायपास व्हॉल्व्ह आहे, म्हणजे पंप चालू असताना नोझल बंद केलं तरी तेल आतल्या आत फिरतं, पण तसं दोन-तीन मिनिटांच्या वर ठेवायचं नाही, तेल आणि मोटर दोन्ही तापतात. सोबत चार मीटर काळा रबरी पाईप, ऑटोमॅटिक नोझल, फूट व्हॉल्व्ह (सक्शन पाईपाच्या तळाच्या टोकाला लावायची झडप, तेल परत खाली जाऊ देत नाही), आणि बॅटरीला लावायच्या चिमट्यांची वायर. माहितीपत्रकात मागच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की बायोडिझेल २० टक्क्यांपर्यंत मिसळलेलं असेल तर चालेल. मी विकणाऱ्याला फोन करून विचारलं की आमचं शंभर टक्के आहे तर काय, तो म्हणाला "डिझेलसारखंच असतं ते ताई, बिनधास्त लावा". मी बिनधास्त लावला.

पहिल्या दिवशी पंपाने तेल ओढलंच नाही. मोटर फिरतेय, आवाज येतोय, नोझलमधून हवा येतेय, तेल नाही. व्हेन पंप स्वतः प्राईम होतो, म्हणजे पाईपातली हवा काढून आपोआप तेल उचलतो, असं लिहिलेलं असतं आणि ते खरंय, पण आतल्या पट्ट्या कोरड्या ठक्क असतील तर पहिल्या खेपेला त्यांच्या आणि भिंतीच्या मधून हवा निसटते, म्हणून पंपाच्या तोंडातून अर्धा कप बायोडिझेल आत ओतून घ्यायचं. ते केलं. मग तेल आलं पण धक्के देत, थुंकल्यासारखं, आणि दोन मिनिटांत परत हवा. दादा म्हणाला "पंप परत कर गं, डिफेक्टिव्ह दिसतोय". मी म्हटलं थांब जरा.

इथे एक गोष्ट नीट कळली पाहिजे, ती मला त्या दिवशी कळली. पंप तेल ओढतो असं आपण म्हणतो पण खरं तर तो फक्त पाईपातली हवा कमी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब तेलाला वर ढकलतो. म्हणजे मागच्या बाजूला, सक्शनला, जोर किती मिळणार ते हवेच्या दाबावर ठरलेलं आहे, त्यात आपण एक पैसाही वाढवू शकत नाही. पुढच्या बाजूला पंप हवा तेवढा जोर लावतो. त्यामुळे जे काही अडथळे असतील, बारीक पाईप, फिल्टर, कोपरे, उंची, ते सगळे पुढे ढकलायचे आणि मागची बाजू जितकी आखूड, रुंद आणि घट्ट ठेवता येईल तितकी ठेवायची. हे एवढं कळलं असतं तर माझा अख्खा रविवार वाचला असता.

मी काय केलं होतं, तर पंप भिंतीवर छातीच्या उंचीला लावला होता कारण हाताशी बरा, फिल्टर पंपाच्या आधी लावला होता कारण वाटलं पंपात घाण जायला नको, आणि ड्रमचं छोटं बूच बंद होतं. हे शेवटचं सगळ्यात सोपं. ड्रमला वर दोन तोंडं असतात, एक मोठं दोन इंची, एक छोटं पाऊण इंची. मोठ्यातून सक्शन पाईप जातो, छोटं सैल केलं नाही तर तेल जाईल तसा ड्रममध्ये व्हॅक्यूम होतो आणि पंपाला काहीच मिळत नाही, पातळ ड्रम असेल तर तो आत चेपतोसुद्धा. आता त्या तोंडावर जाळीचा छोटा ब्रीदर लावलाय. नुसतं उघडं ठेवू नका, हवेतली ओल बायोडिझेल साध्या डिझेलपेक्षा बरीच जास्त धरून ठेवतं.

फिल्टर काढून पंपाच्या पुढे नेला. पंपाच्या आत तशीही एक स्टीलची जाळी असते, मोठा कचरा तिथे अडतो. पंप खाली आणून ड्रमच्या तोंडावरच बसवला. तरी बुडबुडे होतेच. मग मी सक्शनला मुद्दाम हातभर पारदर्शक पाईप जोडला आणि टॉर्च लावून बसले. बुडबुडे फूट व्हॉल्व्हकडून येत नव्हते, पंपाच्या अगदी जवळ, जोडातून सुरू होत होते. बाहेर गळती काही नाही, जोड कोरडा, म्हणून लक्षच गेलं नव्हतं. पण सक्शनच्या जोडातून तेल बाहेर येत नसतं, हवा आत जात असते. जोडावर बोटाने जाड ग्रीस थापलं आणि बघता बघता बुडबुडे थांबले. मग तो जोड खोलला. पंपाच्या तोंडाला एक इंची बीएसपी आटे होते आणि मी जो निपल, म्हणजे दोन्हीकडे आटे असलेला जोडायचा छोटा तुकडा, वापरला होता तो एनपीटी. बीएसपी म्हणजे ब्रिटिश मापाचे पाईपाचे आटे, एनपीटी म्हणजे अमेरिकन. दिसायला जुळे भाऊ, पण एक इंची बीएसपीला इंचात ११ आटे असतात आणि एनपीटीला साडेअकरा, आट्यांचा कोनही वेगळा. दोन-अडीच फेरे अगदी सहज जातात, मग घट्ट होतं, आपल्याला वाटतं छान बसला, प्रत्यक्षात तो तिरका अडकलेला असतो आणि कितीही टेफ्लॉन टेप गुंडाळली तरी हवा जायला वाट राहते. अ‍ॅल्युमिनियमच्या अंगात जास्त जोर लावला तर आटे मरतात, मग पंपच गेला. माझे वाचले. बरोबरचा निपल आणला, डिझेलला चालणारं थ्रेड सीलंट लावलं, आणि पंपाने आठ सेकंदांत तेल उचललं. टेप वापरायचीच असेल तर पहिले दोन आटे मोकळे सोडून गुंडाळा, नाहीतर तिचे दोरे सुटून पट्ट्यांमध्ये जातात.

सक्शन पाईपाचं टोक ड्रमच्या तळाला टेकवू नका. मी सात सेंटिमीटर वर ठेवलंय. तळाला जे असतं, थोडं पाणी, उरलंसुरलं ग्लिसरीन, साबण, ते तिथेच राहू दे.

वायरिंगचं थोडक्यात. सोबत आलेली वायर आखूड होती म्हणून मी पाच मीटर २.५ स्क्वेअर एमएमची वायर जोडली, घरात पडलेली होती. पंप चालायचा पण सुस्त. मल्टीमीटर लावला तर बॅटरीवर १२.४ व्होल्ट आणि पंपाच्या टर्मिनलवर १०.९. पाच मीटर म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर तांबं, त्यातून २० अँपिअर जाताना जवळपास १.४ व्होल्ट वायरच खाते, बाकीचं चिमट्यांत. ६ स्क्वेअर एमएम घातली की वायरीतला हाच तोटा ०.६ च्या आत येतो. बदलली, आवाजच बदलला पंपाचा. फ्यूज २५ अँपिअरचा, बॅटरीच्या अगदी जवळ, पंपाजवळ नाही, कारण वाचवायची असते ती मधली वायर. आणि चिमटे लावायचे-काढायचे ते पंपाचा स्विच बंद असताना आणि ड्रमपासून लांब, बॅटरीपाशी ठिणगी उडतेच.

ह्यानंतर दोन महिने इतके सुखात गेले की मी ओळखीत चार जणांना हा पंप घ्या म्हणून सांगितलं. त्या चौघांनाही नंतर परत फोन केले.

तिसऱ्या महिन्यात एक दिवस पंपाखाली फरशीवर रुपयाएवढा डाग दिसला. वाटलं आपल्याच हातून सांडलं असेल. पुसला. दुसऱ्या दिवशी परत. मोटर आणि पंपाच्या मधल्या बारीक भोकातून एक थेंब लोंबत होता. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, शाफ्टचं सील गेलं की तेल मोटरमध्ये न शिरता तिथून बाहेर यावं म्हणून. चार स्क्रू काढून पंप उघडला. आधी जाळीच्या झाकणाची ओ-रिंग, म्हणजे गळती अडवणारी रबरी गोल कडी, बाहेर आली, आणि ती परत खोबणीत बसेचना. म्हणजे जी रिंग त्याच खोबणीतून आत्ता निघाली ती आता तिच्यात मावत नव्हती, एका बाजूने दाबली की दुसऱ्या बाजूने उसळून वर यायची, फुगून लांब झाली होती. शाफ्टचं सील काढलं तर त्याची ओठासारखी जी कडा शाफ्टला चिकटून असते ती मऊ पडलेली, नखाने दाबलं तर खूण तशीच राहत होती. नव्या सीलला नख लावून बघा, खूण राहत नाही.

कारण सरळ आहे. साध्या पंपात नायट्राईल रबर असतं. डिझेलला ते उत्तम. बायोडिझेल हे रसायन म्हणून मिथाईल एस्टर आहे, आणि एस्टर चांगले सॉल्व्हंट असतात, ते नायट्राईलमध्ये शिरतात, त्याला फुगवतात, मऊ करतात. थोडं मिसळलेलं असेल तर परिणाम हळू, शंभर टक्के असेल तर असा. नैसर्गिक रबराची तर बातच नको. ह्याला उत्तर म्हणजे व्हायटॉन, ज्याला एफकेएम म्हणतात, किंवा टेफ्लॉन. मी सील घेऊन सील-बेअरिंगवाल्याकडे गेले, सीलच्या अंगावरच तीन आकडे असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, तेवढे सांगितले की त्याच मापाचं एफकेएम मिळतं. ओ-रिंगचं माप मात्र फुगलेल्या रिंगवरून घेऊ नका, खोबणीवरून घ्या. मी पहिल्यांदा रिंगवरून घेतलं आणि परत जावं लागलं. एफकेएम पुष्कळदा तपकिरी रंगाचं असतं पण काळंही येतं, त्यामुळे रंगावर विश्वास ठेवायचा नाही, विचारून घ्यायचं.

विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला बायोडिझेल वॉरंटीत येत नाही, माहितीपत्रकात लिहिलंय. लिहिलं होतं हे खरंय. पण मी विचारलं होतं, आणि तेव्हा त्याने "बिनधास्त" म्हटलं होतं, हे मला अजून खटकतं. ज्याला माहीत नाही त्याने माहीत नाही म्हणावं, एवढं एक वाक्य म्हटलं असतं तर मी पहिल्याच दिवशी सील बदलून घेतलं असतं.

सोबत आलेला काळा पाईपही त्याच सुमारास गेला. आतून चिकट झाला, बरणीत तेल धरलं तर त्यात काजळीसारखे बारीक कण. ते इंजिनाच्या इंजेक्टरपर्यंत जायला नको म्हणून तो लगेच काढला, बायोडिझेलला चालतो असं स्पष्ट छापलेला पाईप घेतला. आणि तो पारदर्शक पीव्हीसीचा तुकडा कायमचा ठेवायचा विचार होता पण चार महिन्यांत तो पिवळा आणि लाकडासारखा ताठ झाला, बायोडिझेल त्यातलं मऊपण शोषून घेतं. आता तो फक्त तपासायच्या वेळी जोडते, मग काढून ठेवते.

फूट व्हॉल्व्ह पितळेचा आला होता. पितळ, तांबं, जस्त हे धातू बायोडिझेलमध्ये कायम बुडवून ठेवायचे नसतात, त्यांच्यामुळे तेल लवकर खराब होतं, डिंक धरतं. मला हे वाचून माहीत होतं तरी म्हटलं एवढ्याशा व्हॉल्व्हने काय होतंय. पाचव्या महिन्यात सक्शन पाईप बाहेर काढला तर व्हॉल्व्हवर हिरवट चिकट थर, आतली स्प्रिंग अर्धवट चिकटलेली. स्टेनलेस स्टीलचा घातला. गॅल्व्हनाईज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा असलेला निपलही तेव्हाच काढून टाकला. नोझलच्या अंगात, पंपाच्या अंगात अ‍ॅल्युमिनियम आहे ते तयार बायोडिझेलला चालतं.

तयार हा शब्द मी मुद्दाम लिहिलाय. ह्या पंपातून मेथॅनॉल कधीही, कधीही काढायचं नाही. कॉस्टिक घातलेलं मेथॅनॉल तर नाहीच नाही. दादाने एकदा सहज विचारलं होतं, "एवढा पंप आहे तर मेथॅनॉलच्या ड्रमलाही तोच लावू या का". मी पंपाचं लेबल त्याच्यासमोर धरलं. त्यावर लिहिलंय की ज्याचा फ्लॅश पॉईंट, म्हणजे ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेटू शकते ते, ५५ अंशांच्या वर आहे तेच द्रव. मेथॅनॉलचा ११-१२ अंशांच्या आसपास आहे, म्हणजे साध्या खोलीत त्याची वाफ पेटायला तयार असते, आणि ह्या मोटरमध्ये कार्बन ब्रश आहेत, ते चालताना आत ठिणग्या पडतच असतात. त्यात मेथॅनॉलची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. कॉस्टिक असेल तर ते अ‍ॅल्युमिनियम खातं आणि हायड्रोजन सोडतं, ते आणखी वेगळं संकट. नीट धुतलेल्या आणि वाळवलेल्या बायोडिझेलचा फ्लॅश पॉईंट १०० अंशांच्या वर असतो, त्यामुळे ते साध्या डिझेलपेक्षाही सुरक्षित. पण रिअ‍ॅक्शन झाल्यावर लगेचचं, न धुतलेलं जे असतं त्यात मेथॅनॉल शिल्लक असतं आणि थोड्याशा मेथॅनॉलनेही तो आकडा धाडकन खाली येतो. म्हणून आमच्याकडे नियम असा की धुऊन, वाळवून, बरणीत घेऊन पलीकडचं छापील अक्षर स्वच्छ वाचता येतंय हे बघितल्याशिवाय ते ह्या ड्रममध्येच जात नाही, मग पंपाचा प्रश्न येत नाही. ड्रमला आणि गाडीला अर्थिंगची वायर जोडते, भरायला लागण्याआधी.

फिल्टरमध्येही मी चुकीची निवड केली होती. पाणी शोषणारा फिल्टर घेतला, १० मायक्रॉनचा, वाटलं दुहेरी फायदा. त्यातला शोषक पदार्थ पाणी मिळालं की फुगतो, तेच त्याचं काम, पण बायोडिझेलमध्ये विरघळलेलं पाणीच डिझेलपेक्षा कितीतरी जास्त असतं, तेलात वेगळं पाणी अजिबात नसलं तरी फिल्टर हळूहळू फुगत बंद होतो. दोन ड्रम पण झाले नसतील. त्यात एक अपघात झाला. फिल्टर तुंबत चाललेला, धार बारीक झालेली, मी नोझल टाकीत अडकवून जरा बाजूला झाले कारण ऑटोमॅटिक आहे, टाकी भरली की टक करून बंद होईल. झालं नाही. ते नोझल बंद होतं ते वाहणाऱ्या तेलाने आत जे खेचणं तयार होतं त्याच्या जोरावर, टोकाचं भोक तेलात बुडालं की ते खेचणं खटका पाडतं. धार एका मर्यादेपेक्षा बारीक असेल तर तेवढं खेचणंच तयार होत नाही आणि खटका पडत नाही. टाकी भरून वाहिली, गाडीच्या रंगावरून ओघळ खाली. बायोडिझेल रंगावर राहिलं तर रंग मऊ करतं, लगेच साबणाच्या पाण्याने धुतलं म्हणून निभावलं. तेव्हापासून नोझल हातातून सोडत नाही, ऑटोमॅटिक असो नाहीतर काही असो. फिल्टर साधा, फक्त कचरा अडवणारा लावलाय, १० मायक्रॉनचाच. पाणी काढायचं काम वाळवतानाच पूर्ण करायचं.

थंडीत धार बारीक झाली तर लगेच फिल्टर बदलायला धावू नका, आधी ड्रममध्ये टॉर्च मारून बघा. पामतेलाचं किंवा चरबीचं बायोडिझेल १५ अंशांच्या आसपासच धुरकट व्हायला लागतं, मेणाचे बारीक कण तयार होतात आणि तेच फिल्टरवर बसतात. सोयाबीनचं साधारण शून्य अंशापर्यंत तग धरतं. वापरलेल्या तेलात काय काय मिसळलेलं असतं कोण जाणे, त्यामुळे प्रत्येक खेपेचं वेगळं. आम्ही प्रत्येक खेपेची एक बाटली भरून बाहेर उघड्यावर ठेवतो, ती धुरकट झाली की त्या दिवशी पंप लावायचा नाही, ऊन येऊ द्यायचं. असा धुरकट माल ओढायला गेलं की पंपाचा आवाज बदलतो, जात्यात खडे पडल्यासारखा खरखर, म्हणजे मागून तेल पुरत नाहीये. तो आवाज आला की लगेच बंद.

सहाव्या महिन्यात तीन आठवडे पंप वापरलाच नाही, आणि मग लावला तर मोटर फिरते, तेल नाही. परत जोडापासून सगळं तपासलं, सगळं ठीक. शेवटी पुढचं झाकण उघडलं तर पाचपैकी दोन पट्ट्या खाचेत चिकटून बसल्या होत्या, आत राहिलेलं बायोडिझेल हवेने घट्ट होऊन मधासारखं झालं होतं. साध्या डिझेलमध्ये बोटाने धुतल्या, खाचेतून आपल्या वजनाने सरकतायत हे बघितलं, परत घातल्या. घालताना पट्टीची गोलसर कडा बाहेर, भिंतीकडे. काढताना मोबाईलवर फोटो काढून ठेवा म्हणजे गोंधळ होत नाही. आता पंप आठवड्याहून जास्त बंद राहणार असेल तर शेवटी दोन लिटर साधं डिझेल त्यातून फिरवून ठेवते. तेवढं डिझेल परत टाकीतच जातं, वाया काही नाही.

मीटर मी वेगळा घेऊन लावला, आकड्यांच्या चाकांचा. आल्या आल्या तो खोटं बोलत होता, खूण केलेल्या २० लिटरच्या कॅनमध्ये बरोबर खुणेपर्यंत भरलं तर मीटरवर २०.९. त्याला बाजूला एक स्क्रू असतो, थोडा फिरवायचा, परत भरायचं, असं चार वेळा केल्यावर तीन खेपा ओळीने २० च्या अगदी जवळ आल्या. हा हिशोब आपल्या बायोडिझेलवरच करा, डिझेलवर करू नका, दोन्हीचा घट्टपणा वेगळा. पुऱ्या जोडणीनंतर, फिल्टर आणि नोझल धरून, मला मिनिटाला ३१-३२ लिटर मिळतात. लेबलवरचे ४० हे मोकळ्या पाईपाचे असतात. घरच्या कामाला ३१ भरपूर झाले.

कच्चं वापरलेलं तेल ह्याच पंपाने ओढून बघितलं का असं चार जण विचारतील म्हणून सांगते, बघितलं, एकदाच. तेल डिझेलच्या साधारण दहापट घट्ट असतं. धार निम्म्याहून कमी, मोटरवर हात ठेववेना इतकी गरम, दहा मिनिटांत बंद केला. तेलासाठी सावकाश फिरणारा गिअर पंपच बरा, आम्ही अजून तिथे बादलीनेच काम चालवतो.

आवडलेल्या गोष्टी लिहायच्या राहिल्या. मोटरचं अंग चांगलं जाड आहे, आठ महिन्यांत एकदाही फ्यूज उडाला नाही. पंप उघडायला साधा ॲलन की पुरतो, आतले भाग हाताने निघतात, काही ठोकून काढावं लागत नाही, हे माझ्या दृष्टीने फार मोठं आहे कारण बायोडिझेलवर चालवणार तर तो दोन-तीनदा उघडावा लागणारच. जाळी दोन मिनिटांत निघते. स्विच मात्र टुकार, नुसती एक पत्र्याची पट्टी, तेलकट हाताने सटकते, आणि त्याच्याभोवती सील असं काहीच नाही. मी वरून बाहेरचा वेगळा स्विच लावून घेतलाय. एफकेएम सीलचाच पंप बनवून विकणारेही आहेत, खोक्यावर शंभर टक्के बायोडिझेल असं छापलेलं असतं. नव्याने घेणाऱ्याने तोच शोधावा. ज्यांच्याकडे साधा पंप आधीच पडलाय त्यांनी तो टाकून द्यायची गरज नाही, सील, ओ-रिंगा, पाईप आणि फूट व्हॉल्व्ह एवढं बदललं की तो मजेत चालतो, पण हे लावायच्या आधी करा, गळल्यावर नाही.

शाफ्टच्या सीलचा एक जादा नग आणि ओ-रिंगांचा एक संच मी डबीत भरून पंपाच्या वरच टांगून ठेवलाय, डबीवर मापं लिहून. नोझल जिथे पाईपावर गोल फिरतं तिथली ओ-रिंग मात्र अजून मूळचीच आहे, परवा भरताना तो जोड बोटाला ओला लागला, त्यामुळे येत्या रविवारी तो उघडायचाय.